जहाजावर पोचते करावे

९ फेब्रुवारी

सकाळी दाजी आले. वाचनालयाचे चिटणीस, म्हणजे दोन कप चहा झाल्याशिवाय विषयाला हात घालणार नाहीत. मग पिशवीतून कागद काढला. ८ मार्चला बायकांच्या वाचनकक्षाचं उद्घाटन. दारावर काळ्या दगडाची पाटी, 'रखमाबाई वाचनकक्ष', खाली माझ्या भाषणांतलं ते वाक्य. आत काचेच्या पेटीत आमचं पुस्तक, कायमचं. भाषण अर्थात माझं.

"बाई, तुमच्याशिवाय कोण बोलतला? माईक तुमका घाबरता."

बरं वाटलं. खोटं का लिहू? एकोणसत्तराव्या वर्षी कोणाला तरी आपण हवे आहोत.

जाता जाता म्हणाले, पुस्तक पेटीत उघडं ठेवायचं तर शेजारी दोन पानं देवनागरीत लावू. मोडी आता कोण वाचतो? "तुमी लिवन देशात मां?"

"देते" म्हटलं.

मला मोडी येत नाही. घराबाहेर हे कोणाला माहीत नाही.

१० फेब्रु.

पुस्तक बाहेर काढलं. लाल फडकं, वेखंडाच्या कांड्या, सगळं आजीच्या वेळचं तसंच. शिळाछाप, मोडी, पहिलं पान गेलेलं, त्यामुळे नाव नाही. दुसरी प्रत कुठे असल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मी सहा वर्षांची असताना आईची आई, काशीआजी, दुपारी हे मांडीवर घेऊन बसायची. बोट ओळीखालून फिरायचं. तिच्या आईने, रखमाने, लिहिलेलं पुस्तक. आजी मालवणीत वाचायची. मी समजायचे, माझ्यासाठी सोपं करून सांगते. पुढे प्रमाण मराठीत मी आणलं. 'आधी माझं नाव विचार. मी कोणाची ते मागाहून.' चाळीस वर्षं प्रत्येक भाषणाची सुरुवात याच वाक्याने. दुसरं, 'ज्या घरात मला बसायला पाट नाही, त्या घराचा उंबरा मी का पुजू?' तिसरं मी क्वचितच घेते, कारण सभेत ते पडतं : 'वेळेला जी बोलली नाही ती मग जन्मभर बोलते, पण ऐकायला कोणी उरत नाही.'

मधल्या पानांत आकडे आहेत. ओव्यांचे क्रमांक असणार.

पानांच्या घडीत अजून भाताची तुसं आहेत. ही तुसं मी सभांमधून दाखवली आहेत. चिमटीत धरून, हात उंच करून. "बघा बायांनो! ही बाई भात कांडता कांडता लिहीत होती! तुम्हाला वेळ नाही म्हणता?" टाळ्या. नेहमी इथेच टाळ्या.

१२ फेब्रु.

एका गावात बचतगटाचा मेळावा. खुर्च्या साठ, बायका चौदा. अध्यक्षांची वाट बघण्यात दीड तास. मी बोलायला उठले तेव्हा समोसे आले. चौदाही जणी कागदी प्लेटीकडे बघत होत्या. मी आवाज चढवला. चढवत गेले. शेवटी एक पोर रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन निघाली, तशा आणखी चार तिच्याबरोबर निघाल्या.

परत येताना एस.टी.त घसा ठणकत होता. चाळीस वर्षं हेच. हुंड्यावर बोलले, हुंडा आता गाडीच्या रूपात येतो. दारूवर बोलले, दुकान देवळाच्या वळणावरून हायवेला गेलं, इतकंच. मुली शिकल्या, मुंबईला गेल्या, आणि मे महिन्यात येतात तेव्हा नवऱ्याला विचारून माझ्याशी बोलतात. मी काय हलवलं? एक खुर्ची तरी?

एक पुस्तक आहे. ते खरं आहे. एवढ्यावर झोपते.

१४ फेब्रु.

खारेपाटण. मेधा नावाच्या बाई, वय चाळीस-बेचाळीस, कोर्टासाठी जमिनीचे मोडी कागद वाचून देतात. आमची ओळख नाही म्हणूनच त्यांना निवडलं. सांगितलं, "मला येतं तसं, पण डोळे साथ देत नाहीत." खोटं बोलताना माझा आवाज किती खणखणीत असतो!

त्यांनी भिंग घेतलं. उरलेल्या पहिल्या पानावर थांबल्या. दुसरं पान. मग म्हणाल्या, "बाई, हे पुस्तक तुम्ही कोणाचं म्हणालात?"

"रखमाबाईचं. स्त्रियांसाठी."

"स्त्रियांसाठी..." पुन्हा पान बघितलं. मग वाचलं. मी जसंच्या तसं उतरवून आणलंय : 'खाडीचे तोंडीं ओहोटीस दोन वाव पाणी. उजवे हातास खडक, तो भरतीस दिसत नाहीं. टेकडीवरील देऊळ दृष्टीस पडे तों आंत शिरूं नये. तांडेलानें घाई करूं नये.'

मुंबईच्या वरचा किनारा, दमणपासून काठेवाडपर्यंत. कुठे किती खोल, कुठे खडक, कुठे गोडं पाणी. गलबतवाल्यांसाठी छापलेलं. आकडे म्हणजे वाव. पाण्याची खोली.

म्हटलं, पुढे बघा, पुढे असेल. त्या भल्या बाईने दोन तास एकेक पान बघितलं. 'आधी माझं नाव विचार' कुठेच नाही. पाट नाही. उंबरा नाही. बाईच नाही कुठे! साऱ्या पुस्तकात एकही बाई नाही.

"पुस्तक मात्र दुर्मीळ आहे हं," त्या म्हणाल्या. माझी समजूत घालत होत्या. शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी हाताने लिहिलंय, शाई पसरली आहे, फोटो काढून सावकाश लावून बघते म्हणाल्या.

स्टँडवर बस लागली होती. ती सोडली. पुढचीही सोडली.

१५ फेब्रु.

काही नाही. आईची अंघोळ, पेज, गोळ्या.

१६ फेब्रु.

आईला विचारलं. ब्याण्णवावं चालू आहे. सकाळी नऊ ते अकरा डोकं लख्ख असतं, मग धुकं. नऊ वाजता खुर्ची पलंगाला लावून बसले.

"आई, आजीला मोडी वाचता यायचं?"

"कोणाक?"

"काशीआजीला. तुझ्या आईला."

हसली. दात नाहीत, नुसतं हिरड्यांनी हसली. "वाचूक? तिका? गो, माझ्या आवशीक आंगठो सोडून कायेक येय नाय होता."

"मग मला वाचून दाखवायची ते?"

"सांगा होती तुका. तू किरकिरा चेडू. दुपारचां निजा नसलंस. ह्या घेतल्याशिवाय गप बसा नसलंस."

"आणि तुला माहीत होतं?"

"माका म्हायत नाय तर कोणाक?"

"चाळीस वर्षं मी स्टेजवर उभी राहून... आई, तू पहिल्या रांगेत बसायचीस!"

"बरा बोला होतंस," आई म्हणाली. "कित्याक सांगू?"

आता आठवतं. आजी पान उलटायची ते ओळ संपल्यावर नाही. तिचा श्वास संपला की उलटायची.

१७ फेब्रु.

आठवीच्या मुलांना व्याकरण शिकवलं पस्तीस वर्षं. कपाटात पाच भाषांतली पुस्तकं. वाद घालायला येणाऱ्यांना मी विचारायचे, "मूळ वाचलंय का? मूळ वाचा आणि मग या!" किती जणांना असं परत पाठवलं. एक जण तर रडत गेला होता.

मूळ वाचलंय का.

१८ फेब्रु.

आज आईने बाकीचं सांगितलं. मी नीट विचारलं नसतं तर ते तिच्याबरोबर गेलं असतं. तुकड्या तुकड्याने आलं, इथे सलग लिहिते.

रखमाचा नवरा तांडेल, गलबत हाकणारा. गोवा ते मुंबई हा किनारा त्याला पाठ. त्या वर्षी व्यापाऱ्याने माल काठेवाडला न्यायला सांगितला. तिकडचं पाणी त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून कोणाकडून तरी हे बुक मिळवलं. रखमाच्या पोटात भीती. चार महिन्यांची पोर मांडीवर, तीच काशीआजी. तिने ठरवलं, बुक नसलं तर हा जाणार नाही.

भात झोडून झालं होतं, बियाण्याच्या मुड्या बांधणं चाललं होतं. गवताच्या दोरांनी आवळून बांधलेला तो भाताचा गोळा. माझ्या लहानपणीही माळ्यावर असायचा. रखमाने बुक फडक्यात गुंडाळून बियाण्याच्या मुडीत, भाताच्या पोटात सारलं. वरून दोर आवळले गेले.

"तीन दीस तो सोधी होतो," आई म्हणाली. "घर पालथा घातल्यान. हिका इचारी. ही गप. मनात म्हणा, सकाळ होवंदे, मगे सांगतंय. सकाळ झाली काय परत म्हणा, उद्या सकाळी."

"का नाही सांगितलं?"

"कसा सांगतली? बियाण्याची मुडी पेरणेआदी फोडूची नाय. घराक वायट. सासू सांगतली, खुळ्या, माझा घर बुडवतंस? बुक सांगूचा म्हणजे मुडी फोडूची इली. मगे गप रवली."

"आणि तो?"

"तो बुकाशिवाय गेलो. माणसां थांबलली, माल भरललो. अकरा माणसां. ता गलबत गेला ता गेलाच."

जेठात पेरणीला मुडी फोडली. सगळ्या घरासमोर, वाटेकऱ्यांसमोर, बुक भातातून बाहेर पडलं. सासऱ्याने ते उचलून रखमाच्या ओटीत टाकलं. "घे म्हणालो, ह्योच तुझो संवसार." गाव तिला मुडयेवाली म्हणायला लागलं. मरेपर्यंत मुडयेवाली. मेली तेव्हा पाण्याच्या घाटावर बायका एकमेकींना विचारत होत्या, हिचं नाव काय होतं गो?

एवढं सांगून आई दमली. पेज मागितली.

आधी माझं नाव विचार.

तुसं. देवा, ती तुसं.

१९ फेब्रु.

अकरा माणसं. त्यांच्या अकरा घरांतल्या बायका. त्यांतल्या कोणाची नात, पणती माझ्या सभेत बसली नसेल कशावरून? मी तुसं हवेत नाचवत होते आणि ती टाळ्या वाजवत होती.

आणि रखमा! मी तिला काय काय केलं नाही! बंडखोर केलं, लेखिका केलं, काळाच्या पुढची केलं. ती होती एक भ्यालेली वीस वर्षांची मुलगी. तिला नवरा घरी हवा होता. बस्स. त्या बिचारीच्या नावाने मी केवढ्याने ओरडले.

२१ फेब्रु.

मेधाबाईंचा मेसेज. शेवटच्या पानावरचं लिखाण लागलं. तांडेलाच्या हातचं किंवा त्याने कोणाकडून लिहवून घेतलेलं :

'हें बुक आमचें नसून जहाजाचें असे. हरवल्यास ज्यास सांपडेल त्याणें कृपा करून जहाजावर पोंचतें करावें.'

आईला वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "व्हय. भटान तिका वाचून दाखवल्यान होता. म्हणान तर ठेवला. जाळूचा नाय, पाण्यात सोडूचा नाय. आपला नाय ता. द्यावचा आसा." लेकीला देताना प्रत्येकीने एवढंच सांगितलं. आपलं नाही. जतन कर. द्यायचं आहे.

मला आजी हेच सांगायची! "ह्या आपला नाय गो." आणि मी? मी व्यासपीठावर छातीवर हात ठेवून, "हे पुस्तक माझं नाही, हे साऱ्या बायांचं आहे!"

सव्वाशे वर्षं होत आली. चार बायकांनी एका न आलेल्या गलबतासाठी सांभाळलं. मुलग्यांना कधी दिलं नाही याचं कारण मी 'स्त्रीचा वारसा' असं सांगत आले. आई म्हणते, "झील दर्यार गेलो, आनी बुक घेवन गेलो, तर?"

२३ फेब्रु.

अनघाचा फोन. माझी एकुलती मुलगी, बंगळूरला. सगळं सांगितलं.  

"आई, तू आता बरी आहेस ना?"

"नाही."

"मग सांगून टाक ८ तारखेला. मोकळी होशील."

"मोकळी होऊन कुठे जाऊ? माझ्या पायाखाली दुसरं काही नाहीये, अनू."

"मग नको सांगूस. कोणाचं काय बिघडणार आहे?"

चिडले. 'कोणाचं काय बिघडणार' हे वाक्य मी कोणाला बोलू दिलं नाही आयुष्यात. ती म्हणाली, "बघ, दोन्ही बाजूंनी तूच भांडतेस. लहानपणी जेवताना पण असंच. मी नुसती कोशिंबीर मागायचे आणि तू समतेवर बोलायचीस."

हसू आलं. ठेवताना म्हणाली, "एक मात्र, ते पुस्तक माझ्याकडे पाठवू नकोस. काचेच्या पेटीत दे, कुठेही दे. माझ्याकडे नको."

म्हणजे साखळी इथे संपली. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

२५ फेब्रु.

तारकर्ली. एका लॉजवर महिला दिनाच्या पत्रिका द्यायच्या होत्या. मागच्या दारी भांडी घासत होती ती हात पुसत आली.

"बाई, वळखल्यात?"

ओळखलं. पार्वती. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या सभेतून उठून सरळ घरी गेली, कपडे बांधले आणि मुलीला घेऊन बाहेर पडली. पुढची तीन वर्षं मी तिची गोष्ट प्रत्येक सभेत सांगायचे. मग नवी गोष्ट मिळाली. मग तिला विसरले.

"ता वाक्य माका पाठ आसा," म्हणाली. "आधी माझा नाव इचार. भांडी घासताना म्हणतंय."

विचारू नये ते विचारलं. "पार्वती, ते ऐकून बाहेर पडलीस ते... बरं झालं ना?"

नखांतली राख काढत म्हणाली, "त्या वाक्यान माका घराभायर काढला, बाई. चेडू शिकला, नर्स झाला. पण माझी आवस मेली तेवा माका दारात घेवक नाय. बरा झाला काय वायट, अजून माका कळला नाय. तुमका कळला तर सांगा."

मग एकदम, "पण पुस्तकात लिवलला म्हटल्यार बरोबरच आसतला मां?"

मी "हो" म्हटलं.

मी हो म्हटलं.

२७ फेब्रु.

 आजीचा राग येतोय. अडाणी बाई, दुपारी एका पोरीला झोपवायला काहीबाही बोललीस आणि त्या पोरीने त्याच्यावर आयुष्य रचलं! एकदा तरी सांगायचंस. मी दहावी झाले तेव्हा. मास्तरीण झाले तेव्हा. पहिलं भाषण केलं तेव्हा तू जिवंत होतीस, काशीआजी, पदराने डोळे पुसत होतीस!

आईलाही तेच. नव्वद वर्षं तोंड मिटून. या घरातल्या सगळ्या बायका मुडीसारख्या. आवळून बांधलेल्या.

आणि मी, जी बोलते, ती अशी.

१ मार्च

पाटी आली. दाजींनी बोलावून दाखवली. काळा दगड, अक्षरं सोनेरी. अक्षर सुंदर काढलंय मेल्याने. 'आधी माझं नाव विचार.' बोट फिरवून बघितलं, खोल कोरलंय.

कार्यालयात दोघेच होतो. दार लावून घेतलं आणि सांगितलं. सगळं. मोडी येत नाही इथपासून.

दाजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग कार्यालयातली भाषा. "बाई, हे आपण आणखी कोणास बोललात काय?"

"मुलीला."

"मग असू द्या. पाटीचं काम झालेलं आहे. पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली आहेत." मग खुर्ची जवळ ओढली आणि मालवणीत, हळू : "बाई, तालुक्यात मोडी येता कोणाक? पुस्तक पेटयेत, पेटयेक कुलूप, चावी माझ्याकडे. तुमी बोला. चाळीस वर्षां लोकांनी आयकला, आता आमी खोटा म्हणून सांगूचा?"

"खोटं आहे म्हणून सांगायचं!"

"तसा नाय. रखमा होती मां? तिचा नाव रखमाच मां? मग पाटी खरी."

मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.  भर सभेत ज्यांची तोंडं बंद केली त्या साऱ्यांनी आज हसावं.

३ मार्च

वेडेपणा केला. पुस्तक पिशवीत घातलं आणि मालवणच्या धक्क्यावर गेले. का, ते लिहिता येत नाही. पोचते करावे.

लिलाव आटोपला होता. टोपल्या धुणं चाललं होतं. पर्यटक किल्ल्याला जायच्या होड्यांसाठी रांगेत. मी पुढे जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिले. होडीवाल्याने हाक मारली, "ओ बाई, तिकीट काढलास काय? फुडे सरा नायतर बाजूक व्हा."

"मला जायचं नाही. द्यायचं आहे."

"कोणाक?"

काय सांगणार? अकरा माणसांची नावंसुद्धा कोणाला माहीत नाहीत. चाळीस वर्षं नाव विचार, नाव विचार म्हणून ओरडले. त्या अकरांचं मी विचारलं नव्हतं, आईनेही नाही. तिला घरी येऊन विचारलं. "आमच्या तांडेलाचा नाव गोविंद. बाकीच्यांची नाय ऐकलंय."

बाजूला झाले. एक कुटुंब फोटो काढत होतं, त्यांच्या फोटोत माझी पाठ आली असेल.

५ मार्च

भाषण लिहायला बसले. दोन केली. पहिल्यात सगळं आहे : मुडी, अकरा माणसं, आजीचा अंगठा, माझं मोडी. दुसऱ्यात नेहमीचं, तुसांसकट.

दुसरं तुसांपर्यंत वाचलं आणि बाजूला ठेवलं. पहिलं वाचताना पार्वती दिसली. पत्रिका मीच दिली तिला. येणार आहे, कामावरून सुट्टी काढून. मांडवात बसेल आणि मी तिला सांगायचं की बाई, तू ज्याच्या जिवावर घर सोडलंस ते एका अडाणी म्हातारीने दुपारी पोर निजवताना रचलं.

आणि न सांगावं तर हेच, रखमाचंच. बुक भाताच्या पोटात आणि वर सासूचा धाक. इथे काचेची पेटी आणि दाजींची चावी.

दोन्ही फाडली.

६ मार्च

वेळेला जी बोलली नाही ती मग जन्मभर बोलते, पण ऐकायला कोणी उरत नाही.

हे आजीने स्वतःच्या आईकडे बघून रचलं असणार. लहानपणी आपल्या आईला एकटीच पुटपुटताना ऐकलं असेल. आईला विचारलं, रखमा म्हातारपणी काय पुटपुटायची? आई म्हणाली, "मुडयेत आसा, मुडयेत आसा."

आज आणखी लिहिणार नाही.

७ मार्च

आईला ताप. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ आहे, वय आहे. उद्या मी जाऊ नये असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आईच्या तापाने मला सुटल्यासारखं वाटलं. ही मी.

संध्याकाळी उतरला. आई उठून बसली आणि म्हणाली, माका तुझी ती निळी साडी दाखव, इस्त्री केलंस काय?

८ मार्च, दुपारचे साडेतीन

चारला रिक्षा. साडी नेसले. पुस्तक फडक्यात बांधलं. तुसं काढून टाकावीत म्हणून पानं झटकली. काही पडली, काही शिवणीत अडकून आहेत, निघत नाहीत.

भाषणाचा कागद नाही. पहिलं वाक्य म्हणून बघितलं, आरशासमोर. आधी माझं नाव विचार. पुढे काय म्हणणार आहे ते मला खरंच माहीत नाही. पार्वतीचा मेसेज आलाय, मांडवात पोचली, पुढची खुर्ची धरली आहे.

शेजारच्या काकी आईपाशी बसायला आल्या. आईला सांगून निघावं म्हणून आत गेले. पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते कपाळाला लावलं नाही, काही नाही, नुसतं वजन बघितल्यासारखं दोन्ही हातांनी तोललं आणि परत दिलं.

"काय सांगतलंस थंयसर?"

"बघू. उभी राहिले की सांगेन."

आई माझ्याकडे बघत राहिली. आज धुकं नव्हतं डोळ्यांत.

"ती पण असाच म्हणा होती," म्हणाली. "सकाळ होवंदे, मगे सांगतंय."

रिक्षावाला हॉर्न देतोय.